वाळल्या लाकडाला पाणी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली. सायंकाळी जन्मकाळ होईल, पाळणा हलेल, फुलं उधळली जातील आणि सुंठवड्याची पुडी हातावर पडेल. महाराजांच्या कृपेचं, प्रचीतीचं वर्णन करणारे लेख या अंकात तुम्ही वाचालच आणि ते वाचावेतच. मला मात्र यंदा थोड्या वेगळ्या मंडळींशी बोलायचं आहे. जन्मकाळाच्या वेळी ही मंडळी सभामंडपात मागच्या खांबाला टेकून बसतात. टाळ्या वाजवतात, आरती म्हणतात, तीर्थ घेतात. पण आत काही हलत नाही. शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसतं आणि मनात येतं, ‘माझंच असं कोरडं का झालं?’

आमच्या मंदिरात गुरुवारी निरूपण करण्याची सेवा माझ्याकडे आहे. निरूपण झाल्यावर लोक पाया पडायला येतात, तेव्हा खरे प्रश्न निघतात. एकदा एक वयस्कर ताई सगळे गेल्यावर थांबल्या. म्हणाल्या, “पस्तीस वर्षं सप्ताह करतेय. पण यंदा पोथी उघडली की नुसती अक्षरं दिसतात. महाराज आधी वाचताना जवळ असल्यासारखे वाटायचे. आता वाटत नाहीत. माझ्याकडून काही राहिलं का हो?”

हा प्रश्न त्या एकट्या ताईंचा नाही. आपल्या वयाला घराघरात तो आहे. कुणाचा जोडीदार गेलाय, कुणाची मुलं परदेशी, कुणाला गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही, कुणाच्या घरी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. आणि वर ही खंत, की एवढी सेवा केली, मग ऐन वेळी देव कुठे गेला?

याला एक ठरलेलं उत्तर आपल्याकडे पटकन दिलं जातं. ‘काहीतरी दोष राहिला असेल. सोवळ्यात चूक झाली असेल. संकल्प नीट सोडला नसेल.’ देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण दुःखाने आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आपण आणखी एक गोणी ठेवतो. म्हणून हे उत्तर बाजूला ठेवू आणि सरळ पोथीलाच विचारू. श्रीगुरुचरित्र या कोरड्या काळाबद्दल काय सांगतं?

आता जरा पहिल्या अध्यायाकडे या. नामधारक घराबाहेर पडलेला आहे. संसारतापाने पोळलेला, श्रीगुरूंच्या दर्शनाची आस धरून गाणगापूरच्या वाटेला लागलेला. त्याला दर्शन होत नाही. तेव्हा तो काय करतो? तो भांडतो! चक्क भांडतो. तुम्हाला लोक कृपाळू म्हणतात, मग माझी हाक का ऐकत नाही, असं विचारतो. कुणी आधी सेवा करायची आणि मग तुम्ही द्यायचं, तर त्यात दातेपण कसलं, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. आईबाप लेकराला देताना आधी हिशेब मागतात का, अशा तऱ्हेने तो महाराजांशी वाद घालतो.

हे सगळं गुरुचरित्राच्या अगदी सुरुवातीला आहे, हे लक्षात घ्या. सरस्वती गंगाधरांनी हा वाद गाळला नाही. आणि नामधारकाला त्याबद्दल शिक्षाही झालेली नाही. तो थकून झोपी जातो. स्वप्नात जटाधारी, भस्म ल्यालेला योगी येतो, त्याला धीर देतो. जाग येते तर जवळ कुणी नाही. ती मूर्ती मनात धरून तो तसाच पुढे चालू लागतो आणि वाटेत सिद्धमुनी भेटतात, स्वप्नात दिसलेल्याच रूपाचे.

आता एक गोष्ट विचारतो. हे सिद्धमुनी नामधारकाला कथा सांगतात, ती केव्हाची? श्रीगुरू गाणगापुरी समोर बसलेले असताना सांगतात का? नाही. श्रीनृसिंहसरस्वती निजानंदी गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढून गुरू गेलेले आहेत आणि ऐकणाऱ्याने गुरू डोळ्यांनी पाहिलेलेच नाहीत. या दोघांच्या मध्ये पोथी जन्माला येते. म्हणजे दत्तभक्तहो, ज्या ग्रंथाला आपण साक्षात महाराजांचं रूप मानतो, चौरंगावर ठेवून ज्याची पूजा करतो, तो सबंध ग्रंथ गुरू दिसेनासे झाल्याच्या काळातला आहे. गुरू समोर असते तर नामधारकाने दर्शन घेतलं असतं, पाया पडला असता आणि घरी गेला असता. आपल्या हाती काही आलं नसतं.

त्या ताईंना मी हेच सांगितलं. ‘पोथी नुसती अक्षरं वाटते’ असं म्हणणारा माणूस पोथीच्या बाहेर पडलेला नसतो. तो पहिल्या अध्यायात असतो.

आता आपल्या संप्रदायाकडे थोडं नीट पाहू. आपण पूजा कशाची करतो? पादुकांची. वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका, औदुंबरला विमल पादुका. पादुका ही चालत्या माणसाची वस्तू आहे. पादुका मागे राहतात तेव्हा त्या घालणारा पुढे गेलेला असतो. आणि आपले उत्सव बघा. दत्तजयंतीला आपण प्रकट होणं साजरं करतो, हे खरंच. पण आश्विन वद्य द्वादशीला, गुरुद्वादशीला, आपण काय साजरं करतो? श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपूरला कृष्णेत अदृश्य झाले तो दिवस. माघ वद्य प्रतिपदेला, गुरुप्रतिपदेला? श्रीनृसिंहसरस्वतींनी गाणगापूर सोडून श्रीशैलाकडे गमन केलं तो दिवस. इतर ठिकाणी जाण्याच्या दिवशी माणसं रडतात. आपण त्या दिवशी पालखी काढतो. आपल्या पूर्वजांनी हे काही विसरून केलेलं नाही. गुरू डोळ्यांआड होणं हाही गुरूंच्या चरित्राचाच भाग आहे, हे त्यांनी पंचांगातच लिहून ठेवलं.

जाताना महाराजांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. वाडीला बारा वर्षं राहून ते निघाले, तेव्हा चौसष्ट योगिनी विनवू लागल्या. त्यांना आश्वासन देऊन, पादुका ठेवून महाराज गेले. गाणगापूरहून निघतानाही शिष्य व्याकूळ झाले. लौकिकात मी गेलो असं दिसेल, पण गुप्तरूपाने मी इथेच आहे, असा दिलासा त्यांनी दिला. मग फुलांच्या आसनावर बसून ते नदीच्या प्रवाहात निघाले. शिष्य काठावर उभे. आणि नंतर महाराजांचा निरोप त्यांना कुणी आणून दिला? नावाड्यांनी. काठावर जन्मभर सेवा केलेले शिष्य उभे असताना निरोप नावाड्यांच्या तोंडून आला. पाठोपाठ प्रसादाची चार फुलं वाहत आली. हे नावाडी लक्षात ठेवा. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी पावसाळ्यातली नृसिंहवाडी पाहिली असेल. कृष्णेला पाणी चढतं, पंचगंगेचं पाणी येऊन मिळतं. पाणी मंदिरात शिरतं, मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नानाला लांबून लांबून लोक येतात. पाणी आणखी चढलं की पादुकांचं दर्शन बंद होतं. उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी नेतात आणि नित्यपूजा तिथे चालू राहते. कधी दोन दिवस, कधी कितीतरी दिवस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पूर असा आला की शिरोळ तालुक्यात देवळांबरोबर माणसांची घरंही पाण्यात गेली, जनावरं गेली, पिकं गेली. त्या पुराला कुणी सोहळा म्हणणार नाही, म्हणूही नये. मला सांगायचं आहे ते एवढंच, की पादुका दिसत नाहीत म्हणून वाडीच्या पुजाऱ्यांनी कधी पूजा थांबवली नाही. पादुका पाण्याखाली आहेत, जागेवर आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. पाणी ओसरलं की गाळ काढायचा, दगड धुवायचा आणि पुन्हा तिथेच अभिषेक सुरू करायचा. पूर त्यांच्या हातात नाही. नित्यपूजेची वेळ हातात आहे. ती ते चुकवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गुप्तरूपाने आहेत हे ऐकायला बरं वाटतं, पण मला अनुभव का येत नाही? हाच प्रश्न नामधारकालाही पडला होता. नवव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभ अदृश्य होतात आणि दहाव्यात नामधारक विचारतो, ते गेले, मग कुरवपुरात आता काय आहे? सिद्ध त्याला तत्त्वज्ञान सांगत बसत नाहीत. वल्लभेशाची गोष्ट सांगतात. वल्लभेश हा व्यापार करणारा ब्राह्मण. व्यापारात लाभ झाला तर कुरवपूरला सहस्रभोजन घालीन, असा त्याचा नवस होता. लाभ झाला, पैसे घेऊन तो निघाला आणि वाटेत चोरांनी त्याचा शिरच्छेद केला. तेवढ्यात हाती त्रिशूळ घेतलेला एक जटाधारी प्रकटला. त्याने चोरांना मारलं. शरण आलेल्या एकाला तेवढं सोडलं. मग वल्लभेशाला जिवंत केलं आणि तो गुप्त झाला.

यातली बारीक गोष्ट आपण वाचताना पुढे जातो. वल्लभेश उठून बसला तेव्हा महाराज तिथे नव्हते. ज्याला वाचवलं त्याने वाचवणाऱ्याला पाहिलंच नाही. जे घडलं ते त्याला त्या उरलेल्या चोराने सांगितलं! ज्याच्यासाठी महाराज धावले त्याला दर्शन नाही आणि चोरांच्या टोळीतल्या माणसाला आहे. मग वल्लभेश काय करतो? दर्शन झालं नाही म्हणून रुसून परत जातो का? तो कुरवपूरला जातो आणि नवस फेडतो. कृपा होणं आणि कृपा झालेली कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला न दिसता होऊन गेलेली असते. दुसरी कधी उशिरा येते, कधी भलत्याच माणसाच्या तोंडून येते.

आता चाळिसावा अध्याय. नरहरी नावाचा कोड असलेला ब्राह्मण गाणगापूरला येतो. लोक त्याचं तोंड पाहत नाहीत. महाराज त्याला औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड देतात, सरपणाचं, आणि सांगतात: हे संगमावर रोव, त्रिकाळ स्नान करून याला पाणी घाल, याला पालवी फुटेल त्या दिवशी तू शुद्ध होशील. तो पाणी घालू लागतो. लोक समजावतात, अरे, वाळकं लाकूड कधी फुटतं का? तो म्हणतो, गुरूंनी सांगितलंय. सात दिवस असेच जातात, उपाशीपोटी.

आपण निरूपण करणारे लोक पालवी फुटली त्या क्षणावर फार वेळ थांबतो. मला मात्र तिसरा दिवस दिसतो, चौथा दिवस दिसतो. पहाटे उठून नरहरीने बघितलं असेल, लाकूड कालच्यासारखंच. दुपारी बघितलं, तसंच. सालीत ओल नाही, कोंब नाही, काही नाही. आणि तरी तो भीमेवर जातो आणि पाणी भरून आणतो. मला विचाराल तर नरहरीची सगळी भक्ती त्या पाण्याच्या खेपांमध्ये आहे. पालवी हा महाराजांच्या हातचा भाग. खेपा घालणं त्याच्या हातचं.

इथे एक खरं बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. नरहरीला सात दिवस लागले. सगळ्यांना सात दिवस लागत नाहीत. माझ्या पत्नीला विस्मरणाचा आजार झाला. चार वर्षं चालला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग नातवंडांची नावं, आणि शेवटी शेवटी मला ती “अहो, तुम्ही कोणाकडे आलात?” असं विचारायची. या चार वर्षांत मी महाराजांना काय काय विनवलं ते माझं मला ठाऊक. ती बरी झाली नाही. मी मागितली ती पालवी फुटली नाही. मांडी घालून पोथी वाचणं तेव्हा शक्यच नव्हतं, कारण तिला क्षणभर एकटं सोडता येत नसे. मनही वाचनात लागत नव्हतं. देवघरातल्या पादुकांवर पळीभर पाणी आणि एक फूल, एवढंच रोज होत होतं. त्या पळीत भाव होता का? बहुतेक दिवशी नव्हता. पण पाणी होतं.

आणि दर गुरुवारी दुपारी मंदिरातले एक गृहस्थ यायचे. माझ्यापेक्षा वयाने थोडे मोठे, निवृत्त. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही, उपाय सांगितला नाही, कुणा जाणकाराचा पत्ता दिला नाही. चप्पल काढायचे, प्रसाद ठेवायचे आणि म्हणायचे, “तुम्ही जाऊन या, मी बसतो.” मग मी बँकेत जायचो, औषधं आणायचो, कधी नुसता बाहेर पारावर बसायचो. ते तिच्याजवळ बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. चार वर्षांत किती गुरुवार होतात, हिशेब करा.

महाराज कुठे होते, असं मी त्या दिवसांत विचारत असे. आता नावाड्यांची गोष्ट वाचतो तेव्हा मला ते गृहस्थ आठवतात. निरोप मी काठावर उभा राहून ज्या दिशेकडे पाहत होतो तिकडून आला नाही. ज्याच्याकडे बघायचं मला सुचलंही नसतं, अशा माणसाच्या हातून आला. पत्नी गेली त्याचं दुःख आजही आहे आणि ते असायलाच हवं. पण मला टाकून दिलं होतं, असं आता मी म्हणू शकत नाही.

असा काळ तुमच्या घरी चालू असेल, तर दोन-चार गोष्टी मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो.

नियम लहान करा, पण मोडू नका. सप्ताह होत नसेल तर रोज चौदावा अध्याय वाचा. तोही होत नसेल तर दहा ओव्या. डोळ्यांनी साथ सोडली असेल तर नातवाकडून मोबाइलवर लावून घ्या आणि ऐका. पाटावर बसता येत नसेल तर खुर्चीवर बसा; महाराज तुमचे गुडघे ओळखतात. भाव आला नाही म्हणून पळीभर पाणी चुकवू नका. भाव हा पाहुणा आहे, येतो आणि जातो. पाणी घालणं हे घरच्या माणसाचं काम.

तक्रार करायची असेल तर महाराजांपाशीच करा. आपण रोज आरतीनंतर करुणात्रिपदी म्हणतो, तिचा भाव काय आहे? देवाचा कोप झालाय, त्याने पाठ फिरवलीय असं भक्ताला वाटतंय आणि तो त्याला शांत होण्याची विनवणी करतोय. ही पदं टेंबे स्वामींची, श्रीवासुदेवानंद सरस्वतींची. १८९१ साली गोदावरीकाठी गंगाखेडला पत्नीचा वियोग सोसून ज्यांनी संन्यास घेतला, ते हे सत्पुरुष. त्यांच्यासारख्यांनी अशी विनवणी केली, तर तुम्ही-आम्ही देवापुढे रडलो यात कमीपणा काय? रडणं ही अश्रद्धा नाही. ज्याच्यावर विश्वास उरलेला नसतो त्याच्यापुढे माणूस रडत नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते घरात बोला आणि डॉक्टरांना दाखवा. औषध घेणं म्हणजे गुरूंवरची निष्ठा कमी होणं नव्हे. वैद्याच्या हातालाही यश तेच देतात.

आणि शेवटची गोष्ट मागच्या खांबापाशी बसलेल्यांना नाही, पुढे बसलेल्यांना सांगतो. ज्यांचं यंदा बरं चाललंय, आरतीत ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांच्यावर महाराजांनी एक काम सोपवलंय. नामधारकाला वाटेत सिद्ध भेटले नसते तर तो वाटेतच राहिला असता. तुमच्या आळीत, तुमच्या इमारतीत एखादा नामधारक असेल. आजाऱ्याची उशाशी बसून सेवा करणारी एखादी सून असेल, दोन महिन्यांपूर्वी मालक गेलेल्या एखाद्या काकू असतील, दर रविवारी मुलाच्या फोनची वाट पाहणारे एखादे आजोबा असतील. त्यांना दोष शोधून देऊ नका. चमत्कारांच्या गोष्टीही लगेच सांगू नका. सुंठवड्याची पुडी घेऊन जा, चप्पल काढा, आणि अर्धा तास बसा. मग पुढच्या गुरुवारी परत जा. पहिल्या भेटीत फरक दिसणार नाही. लाकूड कालच्यासारखंच असेल. खेप घालत राहा.

पालवी कधी आणि कशी फुटायची ते महाराजांचं महाराज पाहतील. आपल्या हातातली कळशी तेवढी रिकामी राहू नये, एवढंच या जयंतीला त्यांच्या चरणी मागणं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥